हिरवी वायर

त्या रेडिओवर आमचे दोघांचे हात एकदमच पडले, आणि दोघांपैकी कुणीच आपला हात काढेना.

देवळाली कॅम्पात साहेबलोकांच्या बदल्या झाल्या की घरातलं जुनं सामान कारभारी भंगारवाल्याकडे येतं. पंखे, ट्रंका, कधीमधी एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ. अशा रेडिओंवर मी टपूनच असते, कारण आमचं दुकान त्यांच्या पोटातल्या सामानावर चालतं. 'दोंदे साउंड रिपेअर', पप्पांचं आणि माझं. व्हॉल्व्ह म्हणजे त्या काचेच्या नळ्या, गरम झाल्या की आतून तांबूस दिसणाऱ्या. आता त्या दोनच प्रकारच्या लोकांना लागतात, जुन्या रेडिओचे शौकीन आणि गिटार वाजवणारे.

माझ्या हाताशेजारचा हात सावळा होता, लांब बोटांचा. डावा. बोटांच्या टोकांना घट्टे पडलेले. म्हणजे गिटारवाला, हे मला त्याचा चेहरा बघायच्या आतच कळलं.

"मला याचं फक्त खोकं हवंय," तो म्हणाला.

"मला फक्त आतलं हवंय," मी म्हणाले.

"मग भांडण कुठे आहे? बाहेरचं मला, आतलं तुम्हाला."

कारभारीनं आम्हा दोघांकडे संशयानं पाहिलं, पण त्याला काय, रेडिओ खपला म्हणजे झालं. मी तिथेच बाकावर बसून पाठीमागचे स्क्रू काढले आणि आतला ट्रान्सफॉर्मर सोडवायला लागले. तो समोर खोकं धरून बसला होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, की एका हातानंच का काम करताय, दुसरा हात पाठीमागे का?

मी म्हटलं, सवय आहे. व्हॉल्व्हच्या मशीनमधले कंडेन्सर वीज धरून ठेवतात, बंद केल्यावरसुद्धा. दोन्ही हात आत असले आणि चुकून लागले, तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जातो. एक हात मागे ठेवला की...

"हृदय वाचतं," तो म्हणाला.

"हो."

"चांगली सवय आहे," असं म्हणून तो खोक्याकडे बघत हसला. "पण सगळीकडेच नका पाळू."

मला याच्यावर काही तरी झणझणीत उत्तर द्यायचं होतं. ते मला घरी गेल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

आता माझ्याबद्दल सांगायलाच हवं. मी काळजी करणारी आहे, आणि थोडीथोडकी नाही. कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले की परत येऊन ओढून बघते. गॅसचं बटण आधी मी बंद करते, मग आई, मग मी पुन्हा जाऊन बघते. पप्पा म्हणतात, आमच्या तेजलला काळजी करायला कारण लागत नाही. कारण मिळालं तर उलट तिला बरं वाटतं. खरं आहे ते. पण या धंद्यात हा दुर्गुण चालून जातो. ज्या पेटीत तीनशे व्होल्ट खेळतात तिच्यात हात घालणाऱ्यानं बिनधास्त असून चालत नाही.

तो बिनधास्त होता. लखन भोये, मूळचा सुरगाण्याकडचा, कामाला दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये. घडांची क्वालिटी बघायचा. पुढच्याच आठवड्यात तो आपल्या गिटारचा ॲम्प छातीशी धरून दुकानाच्या पायऱ्या चढला. छोटासा, पाच वॉटचा, एकच स्पीकर असलेला व्हॉल्व्ह ॲम्प. बाइकवर मागे दोरीनं बांधून आणला होता, तोही खाली कसलं गोणपाट न घालता. काचेच्या नळ्या असलेली वस्तू! माझा जीव तिथेच अर्धा झाला.

त्याची तक्रार काय, ते त्याला नीट सांगता येत नव्हतं. ॲम्प बिघडलेला नव्हताच. त्यानं मोबाइलवर एक रेकॉर्डिंग लावलं. पावरी. वाळलेल्या भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं लांबलचक वाद्य. त्याचे बारकूकाका ते वाजवतात. त्यांच्याकडे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात एकदा वाजवायला लागले की दम घ्यायलासुद्धा थांबत नाहीत. लखन त्यांच्याबरोबर गिटार वाजवायचा, दोघांना इकडेतिकडे कार्यक्रमही मिळू लागले होते. अडचण एकच होती.

"मी वाजवायला लागलो की काका बुडतात," तो म्हणाला. "आवाज कमी केला की गिटार मरते. दोघांनी शेजारी बसायला पाहिजे ना... एकानं दुसऱ्याच्या मांडीवर नको."

पप्पांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा आपल्या भोंग्यात डोकं घातलं. चौदा एप्रिल जवळ आला की पप्पांना भोंग्यांशिवाय काही दिसत नाही. शहरातल्या निम्म्या मिरवणुकांचे भोंगे आमच्याकडे येतात.

मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. पावरीचा आवाज मधल्या पट्टीत राहणारा, थोडा नाकातून येणारा. त्याच्या ॲम्पमध्ये नेमकं ते मधलं नव्हतं. खाली घुमणारा खर्ज आणि वर कानात घुसणारा किनरेपणा, एवढंच. म्हणजे खालचं आणि वरचं थोडं कापायचं आणि मधलं पुढे आणायचं. त्यासाठी एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे आवाज नेणारा कंडेन्सर बदलायचा, टोनच्या बटणामागचा बदलायचा, आणखी एक पार काढून टाकायचा. कागदावर सोपं काम. पण किती कापायचं हे कागद सांगत नाही, ते कानानं ठरवावं लागतं. आणि कान त्याचे होते.

म्हणून त्याला यावं लागायचं. सुट्टीच्या दुपारी यायचा. मी क्लिपांनी एकेक कंडेन्सर जोडायचे, त्यानं स्टुलावर बसून तीच एक ओळ वाजवायची, आणि मी विचारायचं, "हा?"

तो डोळे मिटून ऐकायचा. मग म्हणायचा, "अजून थोडं..."

एकदा म्हणाला, "नाकातून बोलतोय खरा, पण सर्दी झाल्यासारखा." मी तो कंडेन्सर काढला आणि दुसरा लावला. मग म्हणाला, "आता सर्दी गेली, पण रुसल्यासारखा वाटतोय." मी म्हटलं, हा ॲम्प आहे, तुमची बायको नाही. त्यावर तो म्हणाला की बायको अजून नाही, त्यामुळे फरक माहीत नाही. माझा कान लाल झाला, आणि पप्पांनी त्या बाजूनं अगदी कारण नसताना खाकरलं.

कधी तो कागदात द्राक्षं आणायचा. आकारानं बारीक म्हणून परदेशी न गेलेली. "नापास झालेली आहेत," असं म्हणून टेबलावर ठेवायचा, "पण खाऊन बघा." ती इतकी गोड असायची की मला नापास होणाऱ्यांबद्दल वेगळाच आदर वाटायला लागला. माझ्या हाताला सोल्डरिंगचं शिसं लागलेलं असायचं, म्हणून एकदा त्यानं एक मणी तोडून माझ्या तोंडासमोर धरला. मी तो खाल्ला. मग दोघंही ॲम्पकडे बघत बसलो... जसं काही तोच आता पुढचं बोलणार होता.

आणि मग माझी खरी काळजी सुरू झाली. त्याला आवाज पटला की तो ॲम्प घेऊन जाणार आणि परत येणार नाही. आवाज पटला नाही तर माझं काम वाईट. म्हणजे जिंकले तरी हरणार होते. शिवाय तो डोंगरातला कोकणा आदिवासी, आम्ही कॅम्पातले बौद्ध; माझी सुलाआत्या पहिला प्रश्न काय विचारेल हे मला पाठ होतं. त्याच्याकडेही अशी एखादी आत्या असणारच. रात्री पडल्या पडल्या मी या सगळ्याची एकीकडून दुसरीकडे उजळणी करायचे. त्यानं मला काही विचारलेलंसुद्धा नव्हतं, तरी माझी दोन्हीकडच्या आत्यांशी भांडणं होऊन जायची.

मार्चच्या शेवटी एका शनिवारी सगळं जमलं. त्यानं ओळ वाजवली, डोळे उघडले आणि "हा," म्हणाला. एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता.

फक्त पाठीमागे एक बारीक गुणगुण राहिली होती. ती शोधायला मी हिरवी वायर सोडवली.

हिरवी वायर म्हणजे अर्थिंगची. ती ॲम्पच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टनं कसलेली असते. सांगाड्यात चुकून वीज उतरलीच, तर ती या वायरवाटे जमिनीत जाते, माणसात जात नाही. गिटारच्या तारा त्याच सांगाड्याला जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याचा हात तारांवर असतो, तो गायला पुढे होतो, ओठ लोखंडी माईकला टेकतात... वायर नसेल तर पुढचं सांगायला तो राहील असं नाही. पण गुणगुण मशीनची आहे की दुकानातल्या लायनीची, हे बघायला टेबलावर ती वायर घटकाभर सोडवावी लागते. सगळेच सोडवतात. परत लावल्याशिवाय झाकण बसवायचं नाही, हा पप्पांचा नियम.

गुणगुण दुकानाच्या लायनीची निघाली. मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तेवढ्यात लखन म्हणाला, "उद्या संध्याकाळी आमचा कार्यक्रम आहे. दिंडोरीच्या पुढे, एका द्राक्षबागेत. लोक येतात बाहेरून, मोठा असतो." मग जरा थांबून, "तुम्ही याल?"

मी म्हटलं, बघते.

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते."

"मागे उभ्या राहिलात तरी चालेल," तो म्हणाला. "मला फक्त... तुम्ही आहात एवढं माहीत असलं म्हणजे झालं."

त्यानंतर मी काय केलं, ते मला आठवत नाही. झाकण बसवलं, स्क्रू आवळले, ॲम्पखाली बाइकवर घालायला जुनी उशी दिली, एवढं आठवतं. तो गेला. पप्पा म्हणाले, जा की उद्या. मी म्हटलं, बघते.

रविवारी दुपारी मी टेबल पुसत होते आणि फडक्याखाली काही तरी खडखडलं. एक दातेरी वॉशर. त्या हिरव्या वायरच्या बोल्टखाली बसतो, तसला.

मी तो उचलून उजेडात धरला. हा त्याच्या ॲम्पचा होता का? मग मी वायर परत लावली की नाही? मी डोळे मिटून कालची दुपार आठवायला लागले. वायर सोडवलेली दिसत होती. लखनचा चेहरा दिसत होता, "तुम्ही याल?" ऐकू येत होतं. त्याच्यापुढे थेट उशी. मधलं सगळं पुसलेलं.

फोन लावला, बंद. मेसेज टाकला: 'ॲम्प लावू नका, मला फोन करा.' एकच करडी खूण, ती काही केल्या दोन होईना.

पप्पा म्हणाले, "तू लावली असशील. तुझ्या हातून असं होत नाही."

"पण आठवत नाहीये, पप्पा."

"तुला कुलूप लावलेलंही आठवत नाही. लावलेलं असतं ना पण?"

असतं. प्रत्येक वेळी असतं. पण कुलूप राहिलं तर चोर येईल, वायर राहिली तर... मी हत्यारांची पिशवी उचलली, वीज मोजायचा मीटर टाकला आणि स्कूटी काढली. पप्पांनी मागून हेल्मेट आणून दिलं. तेवढी एकच गोष्ट मी विसरले होते, आणि त्यामुळे मला आणखी भीती वाटली, कारण विसरते हे सिद्धच झालं.

कॅम्पातून दिंडोरी काही जवळ नाही. द्वारका चौकात सिग्नल, पंचवटीत रविवारची गर्दी, दर्शनाला आलेल्यांच्या गाड्या, रिक्षा, मध्येच उभा राहिलेला भाजीचा टेम्पो. मी आयुष्यात पहिल्यांदा हॉर्नवरून हात काढला नाही. म्हसरूळ मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला, पण मग पुढे द्राक्षांच्या क्रेटचे ट्रॅक्टर. एकाच्या मागे अडकले की मी थांबून फोन लावायचे. बंद. पुन्हा निघायचे. ढकांब्याजवळ मला असं दिसायला लागलं की तो वाजवतोय, डोळे मिटून, आणि पुढे वाकतोय. मी मोठ्यानं स्वतःशीच बोलत होते. काय बोलत होते ते मात्र मला नीट आठवतं. म्हणत होते, मला ये म्हणाला होता तेव्हा हो का नाही म्हटलं, हो का नाही म्हटलं.

बागेशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वेलींच्या रांगांपुढे हिरवळ, तिच्यावर खुर्च्या, लाकडी स्टेज, बाजूला खाण्यापिण्याचे स्टॉल. स्टेजवर बारकूकाका पावरी मांडीवर घेऊन बसलेले. आणि लखन गळ्यात गिटार घालून उभा. त्याच्यामागे ॲम्पचा लाल दिवा लागलेला. साउंडवाला खालून हात हलवून सांगत होता, माईक चेक करा. लखन माईककडे निघाला.

मी स्कूटी कुठे सोडली, माहीत नाही. पाठीमागून स्टेजवर चढले आणि ॲम्पची वायर धरून बोर्डातून प्लग उपसला.

"लखन, माईकला हात लावू नको."

तो वळला. त्यानं आधी मला पाहिलं, मग माझ्या हातातला प्लग. "तू आलीस," तो म्हणाला. जसं काही मी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायला आले होते.

मी म्हटलं, गिटार काढ, खाली ठेव. त्यानं काहीही न विचारता काढली. साउंडवाला वर आला, कोण तुम्ही, काय चाललंय, लोक बसलेत. एक हात मागे ठेवायचं भानही राहिलं नाही, दोन्ही हातांनी स्क्रू काढले आणि झाकण उघडलं.

हिरवी वायर तिथेच होती. बोल्टनं घट्ट कसलेली. खाली नवाकोरा वॉशर. जुना गंजलेला दिसला म्हणून मी बदलला असणार. शिवाय वरून सोल्डरचा थेंबही दिलेला. इतकं चोख काम मी दुसऱ्या कुणासाठी केलेलं नव्हतं.

आधी जीव भांड्यात पडला आणि लगेच, लाज. पुढच्या खुर्च्यांवरून लोक बघत होते. साउंडवाला म्हणाला, झालं का मॅडम समाधान? लखनचे डोळे हसत होते, आणि त्या क्षणी मला त्याचा रागच आला. मी झाकण लावलं. आता इथून वेलींमधूनच पळून जावं, असा विचार करत मी प्लग परत बोर्डात घातला.

आणि मीटर काढला. का काढला? कारण मी मी आहे. कुलूप लावल्यावर ओढून बघायचंच.

गिटार लाकडी स्टेजवर पडली होती, केबल अजून ॲम्पलाच जोडलेली. एक टोक मी तिच्या तारेला लावलं, दुसरं माईकच्या जाळीला. आकडा वर चढला आणि दोनशे व्होल्टच्याही पुढे जाऊन थांबला.

मी पुन्हा लावून पाहिलं. तेवढाच.

साउंडवाल्यानं वाकून मीटर बघितला आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. तो बोर्डाच्या वायरमागे धावला. ती वायर स्टेजखालून स्टॉलकडे गेली होती. जनरेटरच्या बाजूला तिचा प्लग सापडला, आणि त्याचा जाडा पिन, अर्थिंगचा, कुणी तरी कापून टाकलेला. दोन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून. हे सगळीकडे करतात, घराघरांत करतात. त्याच बोर्डावर कोल्ड्रिंकच्या स्टॉलचा जुना फ्रीज लावलेला होता. तिथल्या लताबाई म्हणाल्या, तो सकाळपासूनच झटके देतोय, म्हणून आम्ही फडक्यानं उघडतो.

मग मला सगळं कळलं, आणि मी स्टेजच्या कडेवर बसले. फ्रीजच्या पत्र्यात उतरलेली वीज बोर्डाच्या अर्थिंगमध्ये आली. तिथून जमिनीत जायची वाट नव्हती, पिनच कापलेला. म्हणून ती माझ्या हिरव्या वायरवाटे उलटी ॲम्पमध्ये चढली, आणि तिथून तारांवर. वायर मी विसरले असते तर लखनला काही झालं नसतं. मी विसरले नव्हते. मी ती सोल्डरचा थेंब देऊन, जीव लावून लावली होती.

"मघापासून तारा जरा झिणझिणत होत्या," लखन म्हणाला. "मला वाटलं, मी घाबरलोय."

स्टेज लाकडाचं, पायात बूट, म्हणून झिणझिण्यांवर भागलं होतं. माईकला ओठ लागला असता तर... मी ते वाक्य मनातसुद्धा पुरं केलं नाही.

साउंडवाल्यानं फ्रीज बंद केला, जनरेटरपासून नवी वायर ओढली. मी प्रत्येक पिन स्वतः तपासला, तार ते माईक पुन्हा मोजलं, शून्य आलं तरी पुन्हा मोजलं. या वेळी कुणी समाधान झालं का म्हणून विचारलं नाही. मग मी खाली उतरून मागे, शेवटच्या रांगेच्याही मागे उभी राहिले.

बारकूकाकांनी पावरी तोंडाला लावली. लखननं एक ओळ वाजू दिली आणि मग शेजारून गिटार घातली. पावरी पुढे होती आणि गिटार तिच्या बरोबरीनं, खांद्याला खांदा लावून. कुणी कुणाला झाकत नव्हतं. मी ती ओळ आमच्या दुकानात इतक्यांदा ऐकली होती, पण ही अशी नाही. माझे डोळे भरून आले. थोडे आवाजामुळे आणि बरेचसे तो उभा होता म्हणून. नुसता उभा होता, श्वास घेत होता, पायानं ताल धरत होता.

कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागे गेले. बारकूकाका पावरी फडक्यात गुंडाळत होते. मी त्यांना नमस्कार केला, आवाज बरोबर जमला का म्हणून विचारलं.

"जमला तं," काका म्हणाले. "पन पोरी, तो तं लय आधीच जमला व्हता. यानं मोबाइलवर आनून ऐकवला मला. मी म्हनलं, हाच हाय. तरी हा आपला दर सुट्टीला कॅम्पाला. मला काय समजत नाय व्हय?" आणि पावरी खांद्याला लावून ते जेवणाच्या मंडपाकडे चालायला लागले.

लखन केबल गुंडाळत होता. गुंडाळी पुन्हा पुन्हा सुटत होती.

"आधीच म्हणजे कधी?" मी विचारलं.

"...सर्दी गेली, त्या दिवशी."

मी संतापले. खरंच संतापले. त्यानंतर मी किती कंडेन्सर बदलले, मुंबईहून मागवले, मला वाटलं माझ्याच्यानं होत नाहीये, मला झोप लागत नव्हती, हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"आवाज जमला म्हटलं असतं तर यायला काही निमित्त राहिलं नसतं," तो म्हणाला. "काल म्हणालो, कारण कार्यक्रम आला. रात्रभर वाटत होतं, संपलं आता. तू बघते म्हणालीस... तुझ्या 'बघते'मधून काही कळत नाही गं." त्यानं केबल पुन्हा गुंडाळायला घेतली, आणि तेव्हा मला दिसलं की त्याचे हात कापतायत. बिनधास्त माणसाचे हात. "आणि मघाचं आता कळतंय मला. वाजवताना नाही कळलं."

मला त्याचे हात धरायचे होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. पप्पा. घेतला नसता तर ते काळजीनं अर्धे झाले असते. माझ्यात ती आली कुठून, हे सांगायला नको.

"वायर होती का?" पप्पांनी पहिलंच विचारलं.

"होती."

"मी म्हणालो नव्हतो? मग अजून काय करतेस तिकडे? एवढ्यासाठी एवढ्या लांब कुणी जातं का?"

फ्रीजचं सांगायला तोंड उघडलं आणि सांगवेना. समोर लखन उभा होता, केबलची वेटोळी हातातून घसरत होती. सबंध दुपार मी ज्या भीतीनं गाडी हाकली होती ती वायरची नव्हती, हे मला ढकांब्यालाच कळलेलं होतं.

"पप्पा, वायरसाठी नव्हते आले," मी म्हणाले. "मला लखन आवडतो. फार आवडतो. त्याला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही."

पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता. मग पप्पा खाकरले.

"हं," ते म्हणाले. "त्याला सांगितलंस का हे?"

मी लखनकडे पाहिलं. केबल सगळी खाली पडली होती आणि तो ती उचलतही नव्हता.

"आत्ताच सांगितलं."

लखननं हात पुढे केला. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याचा दुसरा हात माझ्या हातात आला, तो मी घट्ट धरून ठेवला.

"काका, मी लखन," तो म्हणाला. "अंधार पडतोय, तेजलला एकटी पाठवत नाही. मी बाइकवर मागेमागे येतो घरापर्यंत. आणि मग... जरा बसतो. तुमच्याशी बोलायचंय."

पप्पा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. लखन नुसता "हो" म्हणाला, मग पुन्हा "हो", आणि फोन माझ्याकडे दिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं. माझा जीव पुन्हा टांगणीला लागला होता.

"म्हणाले, हळू या. आईला दोघांचा स्वयंपाक जास्तीचा करायला सांगतो. काकांनापण घेऊन ये म्हणाले."